फावडेकाकांचा जबडा

धाकटीच्या घरात माणसाच्या चेहऱ्याकडे कोणी बघत नसे. सवय वाईट होती, पण घराण्याची होती. तिचे आजोबा कवळ्या बनवत, बाबा कवळ्या बनवतात, आणि दादाही आता त्याच कामात मुरला होता. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत संसार आणि मधल्या फळीवर प्लास्टरचे जबडे. सकाळी चहाचा कप ठेवायचा तर आधी कोणाचा तरी खालचा जबडा बाजूला सरकवावा लागे. दारात पाहुणा आला की घरातली सगळी माणसं त्याच्या नाकाखाली नजर लावून बसत. तो गेला की आई आतून विचारायची, "कोण होतं गं?" आणि उत्तर जायचं, "ते नाही का, डाव्या सुळ्यावर टोपी बसवलेले!" आईला तेवढं पुरायचं.

या सवयीचा फटका सगळ्यात जास्त धाकटीला बसला. तिला चेहरे लक्षातच राहत नसत. तोंड मिटलेला माणूस म्हणजे तिच्या लेखी बंद दुकान. लहानपणी एका लग्नात ती भलत्याच बाईचं बोट धरून भलत्याच घरी गेली, तिथे पोटभर जेवली, आणि त्या बाईंनी जांभई दिली तेव्हा कुठे तिला कळलं की ही आपली आत्या नव्हे. तेव्हापासून घरात तिची ख्याती अशी झाली की धाकटीला अंगणात सोडली तरी ती हरवेल. खऱ्या आत्याची तर ही गोष्ट तीन पिढ्यांतल्या सगळ्या नातेवाइकांना सांगून झाली होती.

कामातही तिच्या वाट्याला उरलंसुरलंच यायचं. कवळीतलं मानाचं काम म्हणजे मेणात दात बसवणं, आणि त्यातही पुढचे. ते बाबा करत आणि दादा करे. धाकटीकडे होती पॉलिशची मोटर. ती भिरभिरायची, ओल्या पांढऱ्या भुकटीचे शिंतोडे उडायचे, आणि संध्याकाळपर्यंत धाकटी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायला लागायची. एकदा दादा तापानं आडवा झाला असताना तिनं मोठ्या हौसेनं एका बाईंचे वरचे दात बसवले होते. बाबांनी ते पाहिले, चाकू दिव्यावर गरम केला, एकेक दात काढला आणि पुन्हा आपल्या हातानं बसवला. रागावले नाहीत, एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, कारण ती गोष्ट तिच्या मनात अजून ठणकत होती.

अशात परदेशातून फावडेकाकांचा फोन आला. फावडेकाका आणि बाबा एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकलेले. काकांचे पुढचे दोन दात फावड्यासारखे रुंद, म्हणून त्यांना सगळे फावड्या म्हणत. ते तरुणपणीच परदेशात गेले आणि तिथे त्यांनी स्वतःचा कवळ्यांचा कारखाना काढला. आता हाताशी माणूस हवा होता. "तुझ्या पोराला पाठव," ते बाबांना म्हणाले. पोराला म्हणजे दादाला. पण दादा जत्रेच्या पाळण्यात बसला तरी ओकायचा. त्यानं विमानाचं नाव ऐकलं आणि त्या रात्री तो जेवलाच नाही.

"मी जाते," धाकटी म्हणाली.

"तू?" आत्या तेव्हा नेमकी घरात होती. "अगं, तू जिना उतरताना हरवतेस!"

बाबांनी दोन दिवस विचार केला आणि मग ते तयार झाले, पण त्यांच्या पद्धतीनं. "दात बसवणारा दुसरा कोणी तो शोधेल," ते म्हणाले. "मी त्याला सांगितलंय, पोरगी पॉलिश चांगली करते. आणि हे बघ, कुठे अडलीस की लगेच मला फोन कर. परतीचं तिकीट काढून ठेवलंय. सरळ घरी ये. त्यात काही कमीपणा नाही."

'त्यात काही कमीपणा नाही' हे त्यांनी अशा सुरात म्हटलं की सगळा कमीपणा त्यातच ठासून भरलेला होता. धाकटीनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं की घरी फोन करायचा तो फक्त 'पोचले' म्हणून सांगायला. मदतीसाठी केला की संपलं. मग जन्मभर मोटर आणि भुकटी. आणि एकदा तिकडे पोचलो की पॉलिशवरून दातांवर कसं यायचं ते बघता येईल.

"पण काकांना मी ओळखायचं कसं?" तिनं विचारलं.

बाबा उठले, माळ्यावर चढले आणि धूळ झटकत एक पिवळा पडलेला प्लास्टरचा साचा घेऊन खाली आले. वरचा जबडा. पुढे दोन रुंद फावडे, त्यांच्या मधे फट, आणि उजवा सुळा रुसून वर जाऊन बसलेला. "शिकत होतो तेव्हा आम्ही एकमेकांचे साचे घेतले होते," बाबा कौतुकानं म्हणाले. "हा बघ. अस्सल फावड्या!"

"फोटो मागवू या ना त्यांचा," दादा म्हणाला.

"फोटोत तो तोंड मिटून उभा राहतो. काय उपयोग?"

"मग नावाची पाटी घेऊन उभं राहायला सांगा."

"पाटी अनोळखी माणसांसाठी असते," बाबा म्हणाले आणि विषय संपला. काकांकडे मोबाइल नव्हता. मोबाइल कानाशी धरला की दाढ दुखते, असं ते सांगत. या सगळ्यात काही चमत्कारिक आहे असं त्या घरात कोणालाही वाटलं नाही. आईनं तर जबडा मऊ टॉवेलात गुंडाळून खाऊच्या डब्याशेजारी ठेवला.

निघायच्या दिवशी सगळे विमानतळावर आले आणि काचेच्या दाराबाहेर थांबले. आई रडत होती. दादा नुसत्या आवाजानंच पांढराफटक पडला होता. आत्या ओरडून सांगत होती, "पोचलीस की कळव! नाही पोचलीस तरी कळव!"

आत तिची पिशवी तपासणीच्या यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेल्या माणसाची मान पुढे गेली, आणखी पुढे गेली आणि तिथेच राहिली.

"ताई, पिशवीत काय आहे?"

"कपडे, खाऊ आणि जबडा."

"कोणाचा?"

"बाबांच्या मित्राचा."

"आणि ते कुठे आहेत?"

"तिकडे पलीकडे. मला घ्यायला येणार आहेत."

"जबड्याशिवाय?"

धाकटीनं टॉवेल सोडून त्याला साचा दाखवला आणि प्लास्टर म्हणजे काय, मेण म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं. समजावताना तिची नजर अर्थातच त्याच्या तोंडात होती. त्यामुळे जाता जाता तिनं त्याला हेही सांगितलं की खालच्या उजव्या दाढेत कीड लागायला सुरुवात झालीय. पिशवी परत देताना तो बिचारा जिभेनं दाढ चाचपत होता, आणि मागच्या रांगेतली माणसं आपापली तोंडं मिटून उभी होती.

विमानात तिला खिडकीची जागा मिळाली. विमान धावायला लागलं तसे तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि दातांवर दात दाबले, जे घरी सक्त मना होतं, कारण त्यानं दात झिजतात. मग जमीन सुटली. घरं काड्यापेट्यांएवढी झाली, रस्त्यांच्या दोऱ्या झाल्या आणि सगळं ढगाखाली गेलं. आपण एकट्या आहोत आणि तरीही हरवलेलो नाही, हे एकदम लक्षात आलं आणि तिला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं हसली. शेजारच्या सुटातल्या गृहस्थांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

डोळे मिटले ते मिटले, थोड्या वेळानं त्यांचं तोंड उघडलं. बाहेर ढग होते आणि आत त्यांची सोन्याची टोपी घातलेली दाढ होती. धाकटीनं दोन्हींकडे बघितलं आणि दाढ निवडली. काम जुन्या काळचं होतं, हातानं ठोकून बसवलेलं. असं काम आता कोणी करत नाही, असं बाबा नेहमी हळहळून सांगत. नीट दिसावं म्हणून तिनं मोबाइलचा दिवा लावला आणि जरा पुढे वाकली. तेवढ्यात गृहस्थ जागे झाले.

"काय चाललंय?"

"काही नाही, काका. तुमची दाढ फार सुरेख आहे."

गृहस्थांनी कांबळं नाकापर्यंत ओढलं ते शेवटपर्यंत खाली केलं नाही. जेवण आलं तेव्हा त्यांनी मानेनंच नको म्हटलं. धाकटीला फार वाईट वाटलं. तिनं आपल्या जेवणातला पाव त्यांच्यापुढे धरला. कांबळ्यातून एक हात बाहेर आला, पाव आत गेला आणि बराच वेळ कांबळं आतल्या आत हलत राहिलं.

विमान सकाळी उतरलं. सामान मिळालं, कागदांवर शिक्के बसले आणि धाकटी सरकत्या दारातून बाहेरच्या मोठ्या दालनात आली. कठड्यापलीकडे माणसांची भिंत उभी होती. कोणाच्या हातात फुलं, कोणाच्या हातात पाट्या, कोणाच्या खांद्यावर पोरं. आणि एकाचंही तोंड उघडं नव्हतं!

टॉवेलातून जबडा काढून ती कठड्याशी उभी राहिली. काकांच्या वयाची चार-पाच माणसं तरी दिसत होती. एक टोपीवाले, एक काठीवाले, एक फुलं घेतलेले, एक नुसतेच उभे. तिनं प्रत्येकासमोर जाऊन भरघोस हसून पाहिलं. हसल्यावर माणूस उलट हसतोच. ते हसलेही, पण ओठ मिटून. या शहराची हसायची रीतच तशी असावी. चौकशीच्या खिडकीतल्या मुलीकडून तिनं काकांचं कागदावरचं नाव पुकारून घेतलं. कोणी आलं नाही. कारखान्यात फोन लावला तर तो वाजत राहिला.

हळूहळू गर्दी पातळ व्हायला लागली आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. हातातल्या मोबाइलवर सगळ्यात वर घरचाच नंबर होता. अंगठा तिथपर्यंत गेलाही. मग तिला मनात घरच्या पॉलिशच्या मोटरची भिरभिर ऐकू आली, आणि तिनं मोबाइल खिशात कोंबून रागारागानं पाऊल उचललं ते नेमकं आपल्याच पिशवीच्या पट्ट्यात अडकवलं. ती सपशेल आडवी झाली. कठड्यापलीकडे दोन माणसं खदाखदा हसली. पडल्या पडल्याच धाकटीला त्या दोघांचे वरचे दात अगदी मागच्या दाढांपर्यंत स्वच्छ दिसले.

असं आहे होय, ती मनात म्हणाली.

त्यानंतर तिथे जे झालं ते त्या विमानतळानं यापूर्वी पाहिलं नसावं. धाकटी उठली आणि काचेच्या दारावर जाऊन आपटली. मग सामानाच्या गाडीवर बसून ती मागच्या मागे भिंतीला धडकली. डोक्यावर पिशवी तोलत चालली आणि टोपीवाल्यांच्या पुढ्यातच तिनं ती पाडली. टोपीवाले हसले. सगळे दात सरळ, हे नव्हेत. काठीवाल्यांना हसवायला तिला डब्यातला लाडू नाकावर ठेवावा लागला. ते इतके हसले की खोकायला लागले, आणि ते खोकत असताना धाकटी त्यांच्या तोंडापाशी साचा धरून निरखत राहिली. तेही नव्हेत. पोरांना वाटलं, हा खेळ आपल्यासाठीच चाललाय. ती कठड्याला लोंबकळून "आणखी! आणखी!" म्हणून ओरडायला लागली. फुलंवाल्यांनी तर खूश होऊन तिला एक फूल दिलं, पण तोंड काही उघडलं नाही.

"बाई, तुम्ही लोकांच्या तोंडात काय बघताय?"

मागे सुरक्षा खात्याची एक धिप्पाड बाई उभी होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळाला आठ्या. धाकटीनं मुकाट्यानं जबडा पुढे केला. तिथली भाषा ती क्लास लावून शिकली होती, पण क्लासात या प्रसंगावर धडा नव्हता.

बाईंनी जबड्याकडे पाहिलं आणि थकून डोळे मिटून घेतले. "आजचा हा दुसरा," त्या म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर."

बाहेरचा पुकारा ऐकू येणार नाही अशा एका छोट्या बंद खोलीत टेबल होतं. टेबलामागे मेणाचे डाग पडलेला एप्रन घातलेले एक म्हातारे गाल फुगवून बसले होते. पण धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिनं पाहिलं ते टेबलावरच्या प्लास्टरच्या नव्याकोऱ्या जबड्याकडे, आणि ती जागच्या जागी थबकली. पुढच्या डाव्या दाताचा कोपरा उडालेला. तो ती सायकलवरून पडली तेव्हा उडाला होता. जबडा तिचाच होता! घरी तिचा साचा होताच. बाबांनी त्याची नक्कल ओतून, कोणाला न सांगता, पोस्टानं पाठवून दिली होती.

"हे गृहस्थ," सुरक्षावाल्या बाई म्हणाल्या, "विमानातून उतरणाऱ्या प्रत्येक तरुण मुलीला अडवून 'जरा आ करता का' असं विचारत होते. माझ्याकडे तक्रारींचा ढीग पडलाय."

म्हातारे ताडकन उठले. "आ कर!" ते धाकटीला म्हणाले, आणि तेही घरच्या भाषेत.

धाकटीनं आ केला. म्हाताऱ्यांनी साचा तिच्या तोंडाशी धरला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "हीच! हीच ती! त्याची पोरगी!"

"बरं," सुरक्षावाल्या बाई धाकटीकडे वळल्या. "आणि हेच का तुमचे काका?"

"काका, आता तुम्ही करा आ," धाकटी म्हणाली.

म्हाताऱ्यांचं तोंड एकदम मिटलं. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर त्यांनी वरचा ओठ कसाबसा उचलला. आत पांढरेशुभ्र दात होते, सगळे एका उंचीचे, एका रेषेत. फावडे नाहीत, फट नाही, रुसलेला सुळा नाही. धाकटीचा जीव भांड्यात पडता पडता भांड्याच्या बाहेर पडला.

"हे ते नव्हेत," ती म्हणाली.

"अगं, मीच तो! फावड्या!"

"फावडे कुठायत मग?"

म्हातारे खिसे चाचपायला लागले. ओळखपत्र म्हणावं तर पाकीट घरी, दुसऱ्या कोटात राहिलेलं. एप्रनच्या खिशातून निघाली मेणाची कांडी आणि एक चिमटा. सुरक्षावाल्या बाईंनी दोन्हींकडे पाहून मान हलवली.

"यांच्याकडे कागद नाही, आणि तुम्ही यांना ओळखत नाही. अशा माणसाबरोबर मी तुम्हाला जाऊ देणार नाही," त्या म्हणाल्या. बोलणं कडक होतं, पण चुकीचं नव्हतं. "घरी फोन लावा. वडिलांना यांच्याशी बोलू द्या. किंवा मग परतीचं तिकीट आहे ना तुमच्याकडे?" आणि त्यांनी टेबलावरचा फोन धाकटीपुढे सरकवला.

धाकटीनं फोनवर हात ठेवला. पलीकडून बाबा काय म्हणतील हे तिला पाठ होतं. अडलीस ना? ये मग. कमीपणा नाही त्यात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हाताऱ्यांना दिसू नये म्हणून तिनं नजर वळवली, आणि सवयीनं ती पुन्हा त्यांच्या दातांवरच गेली. कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे दात. खरे दात असे कोणाचे असतात का?

"काका," ती म्हणाली, "ही कवळी आहे."

"कोण म्हणतं?" म्हातारे गरजले, आणि त्यासरशी वरची कवळी सुटून खालच्या कवळीवर टक्कन आपटली.

मग मात्र ते खुर्चीत मटकन बसले. सुरक्षावाल्या बाईंना कळणार नव्हतं, तरी आवाज खाली आणून म्हणाले, "सगळे गेले गं. एकेक करून गेले. ही मीच बनवली. पण तुझ्या बापाला सांगितलं नाही. दर फोनवर तो विचारतो, फावडे कसे आहेत? मी म्हणतो, मजेत आहेत. कवळ्या बनवणाऱ्याला स्वतःचे दात राखता आले नाहीत, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"साच्यात टाळू आहे," धाकटी म्हणाली. वरच्या जबड्याच्या साच्यात टाळू येतेच. पुढच्या दातांच्या मागे टाळूवर वळ्या असतात. जीभ लावली की कोणालाही लागतात. दात गेले तरी त्या वळ्या जातात कुठे? "कवळी काढा. मी जुळवून बघते."

"इथे? या बाईंसमोर? मेलो तरी काढणार नाही."

"मग मला परत जावं लागेल."

"जा मग!"

धाकटीनं फोनवरचा हात उचलला आणि टेबलावर आपटला. "काका, मी हा फोन केला की बाबा म्हणतील ये. आणि एकदा गेले की घरात पुन्हा कोणी मला मोटरपासून उठू देणार नाही. तुम्हाला एक मिनिटभर लाज वाटेल. मला जन्मभर वाटत राहील."

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि रुमालात कवळी काढून घेतली. धाकटीनं मोबाइलचा दिवा लावला. पहिली वळी मधेच तुटलेली, साच्यातही तुटलेली. दुसरी सरळ. तिसरीला पुढे फाटे फुटलेले, अगदी तसेच. सुरक्षावाल्या बाईंनी सभ्यपणानं पाठ फिरवली होती, पण त्यांना राहवेना. त्याही येऊन साचा घेऊन आत डोकावल्या.

"तिसरी जुळते," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "जा."

दारापर्यंत पोचवायला येताना त्यांनी हळूच काकांना विचारलं, "माझ्या आईची कवळी फार ढिली झालीय. आणू का एकदा?"

काकांची छोटी मालवाहू गाडी गल्ल्यागल्ल्यांतून निघाली. दुकानांची दारं नुकती उघडत होती, कोणी पायऱ्या धूत होतं, कोणी फळांच्या पेट्या फुटपाथवर मांडत होतं. काकांनी कवळी पुन्हा बसवली होती.

"बापाला सांगशील?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं त्यांच्याकडे चमकून पाहिलं. हा एवढा मोठा कारागीर आपल्याला घाबरलाय हे तिच्या लक्षात आलं. आजवर तिला कोणीही घाबरलेलं नव्हतं, आणि ते तिला फार आवडलं.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "पण मी पॉलिश करणार नाही."

"तो तर म्हणाला, पोरगी पॉलिश चांगली करते."

"करते. पण करणार नाही."

"मग काय करणार?"

"तुमचे दात बसवणार. वरचे, खालचे, सगळे."

काकांनी भर रस्त्यात ब्रेक मारला. मागे भोंग्यांचा गोंधळ उडाला. "ही सरळ सरळ धमकी झाली!"

"हो," धाकटी म्हणाली.

मागचे भोंगे वाजतच राहिले. काकांनी आरशात पाहिलं आणि ओठ उचलून आपली एकसारखी रांग बघितली. "बघवत नाहीत ना?" ते म्हणाले. "हात थरथरतो गं आता. सरळ रेषेत बसवले की निदान चूक तरी दिसत नाही." त्यांनी गाडी पुढे काढली. "बसव."

काकांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, खिडकीशी बाक, भिंतीला जबड्यांची फळी. मेणाचा वास आला आणि धाकटीला बरं वाटलं. काकांनी आपल्या हातानं खिडकीजवळची जागा पुसून दिली, दिवा पुढे ठेवला आणि तयार दात चिकटवलेले तक्ते मांडून ठेवले. मग तिनं घरी फोन लावला.

"पोचले, बाबा."

बाबांनी सोडलेला श्वास इतक्या लांबूनही ऐकू आला. "फावड्या सापडला?"

"सापडले."

"फावडे कसे आहेत त्याचे?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला काकांचे हात तक्त्यावरच थांबले.

"मजेत आहेत," धाकटी म्हणाली.

"बरं. मोटर बरी आहे ना तिथली?"

"मोटरवर नाही मी. दात बसवायला दिलेत. एक गिऱ्हाईक आहे, पूर्ण कवळी."

"पुढचेही?"

"पुढचेही."

धाकटीला वाटलं, फोन कट झाला. मग लांबून दादाचं "काय झालं, हरवली का?" असं ऐकू आलं आणि त्यावर बाबांचं "गप रे जरा." आता म्हणतील, फावड्याला फोन दे. आता म्हणतील, तुला नाही जमायचं ते.

"हे बघ," बाबा म्हणाले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. बाकावर शेजारी बसलेल्या दादाशी ते या आवाजात बोलत. "आधी मधले दोन बसव. घाई नको. मेण फार तापवू नकोस, दात सरकतो. आणि दोन्ही अगदी एका रेषेत नकोत, एक केसभर मागे हवा. खोटं दिसत नाही मग. कळलं?"

हे सगळं तिला येत होतं. मोटरवर बसून वर्षानुवर्षं ती तेच बघत आली होती. पण तिला कोणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी ते पुसायला तिनं हात उचलला नाही.

"हो, बाबा," ती म्हणाली.

"ऐकतेयस ना नीट?"

"हो, बाबा."

"मग आता सुळे. सुळ्यांचं जरा अवघड आहे. थांब हं, खुर्ची घेतो, बसून सांगतो."